लावणीच्या दिवसांत

चेंबूरकरांना खताचा कारखाना नवा नाही. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आमच्या बोलण्यातलं ‘आरसीएफ’, आमच्या पत्त्यातच असतं. बसथांब्याला त्याचं नाव, वसाहतीला त्याचं नाव, वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील तिथे कामाला. ही कंपनी १९७८ मध्ये उभी राहिली; त्याआधी हाच कारखाना भारतीय खत निगमकडे होता. ‘उज्ज्वला’ युरिया आणि ‘सुफला’ ही नावं वाचत आम्ही मोठे झालो. पण इथून भरून निघालेली गोणी पुढे कुठे जाते, ती कोण फोडतं, त्यातल्या दाण्याचं नेमकं काय होतं, हे विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं. तांदळाचंही तेच. वाण्याच्या दुकानात कोलम, इंद्रायणी, बासमती अशा पाट्या खोचलेली पोती असतात, तिथून पुढचा तांदूळ मला माहीत. खताची गोणी आणि तांदळाचं पोतं यांच्या मधे जे शेत असतं ते मी २०२४ च्या जुलैत, लावणीच्या ऐन धांदलीत, नेरळजवळ पाहिलं. पाहिलं त्यापेक्षा गोंधळले जास्त, आणि तो गोंधळ हळूहळू कसा सुटला तेच इथे सांगायचं आहे.

माझी शाळेतली मैत्रीण आणि तिचा नवरा मुंबईतल्या नोकऱ्या सोडून नेरळ-कळंब रस्त्याच्या बाजूला त्याच्या वडिलोपार्जित शेतीवर राहायला गेले आहेत. असं जाणं सगळ्यांना जमत नाही. मनाची तयारी असली तरी कायदा आडवा येतो. १९४८ च्या कूळकायद्यानुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. यांचं नाव वारसाहक्काने सातबाऱ्यावर होतं, म्हणून वाट मोकळी होती. फोनवर ती नेहमी म्हणायची, “ये ना कधी.” मी म्हणायचे, हिवाळ्यात येते. शेवटी ती म्हणाली, “अगं, हिवाळ्यात सगळेच येतात. पोपटी खातात, फोटो काढतात नि जातात. आवणीला ये, भात लावायच्या वेळी. आमचं काय चाललंय ते तेव्हा कळेल.”

चेंबूरहून हार्बरने कुर्ला आणि कुर्ल्याहून कर्जत लोकल. बदलापूर मागे पडलं की इमारती विरळ होतात, वांगणी आणि शेलूच्या मधे रुळांना लागूनच खाचरं सुरू होतात. त्या दिवशी माथेरानचा डोंगर ढगात पूर्ण बुडालेला होता. नेरळ स्टेशनबाहेर ठाकरवाडीतल्या बाया टाकळा, भारंगी आणि करटोली घेऊन बसल्या होत्या. मैत्रिणीच्या घरी पोचले तेव्हा पडवीत चिखलाचे पाय, ओल्या साड्या आणि चहाची मोठी पातेली यांचीच गर्दी होती. तिच्या सासूबाईंना सगळे आत्या म्हणतात. त्या म्हणाल्या, “आलीस बाय? चहा घे आणि लगेच शेतावर चल. आज कोणाला घरात बसायला वेळ नाही.”

शेतावर पहिल्यांदा गेल्यावर मला काहीच वेगळं ओळखू येईना. सगळीकडे पाणी, सगळीकडे चिखल, मधे बांध. एका खाचरात पोपटी रंगाची दाट लव, शेजारच्यात पॉवर टिलर घरघरतोय, त्याच्या खालच्यात बाया ओणव्या. मला वाटलं, ही तीन वेगवेगळी पिकं असावीत. तिचे सासरे, आप्पा, बांधावर उभे राहून समजावत होते. पीक एकच, भात. फक्त तीन ठिकाणी तीन टप्प्यांवर होतं.

ती दाट लव म्हणजे राबातलं रोप. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, गवत आणि वरून मातीचा थर असं रचून ते भाजतात. त्याने तणाचं बी मरतं आणि राख खतासारखी कामी येते. मग पावसाच्या तोंडावर तिथे दाट पेरणी. रोप तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की ते उपटायचं, मुठी बांधायच्या आणि चिखल केलेल्या खाचरात नेऊन लावायचं. टिलर जिथे फिरत होता तिथे चिखलणी चालली होती. माती पाण्यात इतकी घोटायची की तिचे कण सुटे होऊन तळाशी बसतात आणि पाणी खाली झिरपणं जवळजवळ थांबतं. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी ऑगस्टमध्ये आठवडाभर उघडीप झाली की खाचराला साठवलेलं पाणीच तारतं. शिवाय उभ्या पाण्यात तण कमी उगवतं. चिखल का करायचा, तर या दोन कारणांसाठी. मला आजवर वाटायचं, पावसामुळे शेतात चिखल होतो. तो इतक्या मेहनतीने, मुद्दाम करावा लागतो हे मला तिथे कळलं.

पाण्याची वाटही मला आधी दिसली नव्हती. खाचरं पायऱ्यांसारखी उतरत जातात आणि वरच्या खाचराचं जास्तीचं पाणी बांधाला पाडलेल्या वाटेतून खालच्यात येतं. आप्पा हातात फावडं घेऊन दिवसभर त्या वाटा उघडत-बुजवत होते. एका ठिकाणी दोन ढेकळं सरकवली आणि खालच्या तिसऱ्या खाचरातल्या पाण्याची पातळी बदलायला लागली. वरचा शेतकरी कोण, खालचा कोण, त्यांचं आपसात किती जमतं, यावर हे सगळं चालतं.

मला कामाला लावलं ते लावणीच्या खाचरात. तिथे दोरी ताणून लावणी चालली होती. दोरीवर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आळीपाळीने खुणा. त्या खुणांवर दोन-तीन रोपांची एकेक चूड लावायची. चार चुडांचा पंधरा सेंटिमीटरचा एक चौकोन, मग पंचवीस सेंटिमीटरची मोकळी वाट, मग पुन्हा चौकोन. ही ‘चारसूत्री’ पद्धत, कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी शेतकऱ्यांसाठी बसवलेली. तिची चार सूत्रं अशी: भाताचा पेंढा आणि तुसाची राख जमिनीला परत द्यायची, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर नियंत्रित लावणी करायची आणि खत गोळीच्या रूपाने खोल द्यायचं.

ही गोळी माझ्या वाट्याला आली. मैत्रिणीने माझ्या हातात प्लास्टिकचा डबा दिला. आत छोट्या उशीच्या आकाराच्या, राखाडी-पांढऱ्या गोळ्या, युरिया आणि डीएपी दाबून केलेल्या. एकेक जेमतेम पावणेतीन ग्रॅमची. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध बोट चिखलात घालून एक गोळी आत दाबायची आणि वरचं भोक बुजवायचं. वरचा चिखल कोमट होता, बोट खाली गेलं की गार लागत होता. गोळी त्या गार थरापर्यंत पोचली पाहिजे असं ती सारखी सांगत होती. मी विचारलं, “नुसतं फेकलं तर काय होतं?” ती म्हणाली, “फेकलं की पाण्याबरोबर वाहून जातं, नाहीतर हवेत उडून जातं.”

ते उडून जाणं तिच्या नवऱ्याने नीट समजावलं. कारखान्यात अमोनियापासून युरिया करतात. तो युरिया उभ्या पाण्यात वरवर पडला की थोड्याच दिवसांत त्याचा पुन्हा अमोनिया होतो आणि त्यातला बराचसा हवेत जातो. मोठा पाऊस आला तर उरलेला बांधावरून ओढ्यात. गोळी खोल गाडली की ती हळूहळू विरघळते आणि मुळांना बऱ्याच दिवसांपर्यंत पुरते. म्हणजे इतकी ऊर्जा खर्चून, इतक्या मोठ्या कारखान्यात बनवलेल्या खताचं शेवटी काय होणार हे कोणाच्या तरी बोटाच्या खोलीवर ठरतं. आत्यांनी पावसासाठी डोक्यावरून घेतलेली खोळ जुन्या ‘सुफला’च्या गोणीची होती. तिच्यावर १५:१५:१५ हे आकडे अजून वाचता येत होते. नत्र, स्फुरद, पालाश, प्रत्येकी पंधरा टक्के. लहानपणापासून पाहिलेल्या आकड्यांचा अर्थ मी त्या खाचरात उभी राहून पहिल्यांदा विचारला.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि कडव्या वालांचं बिरडं होतं. वाल याच खाचरांतले. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर ते येतात, त्यांना वेगळं पाणी लागत नाही. जेवताना सगळं बोलणं मजुरांवरच चाललं होतं. गावातल्या सगळ्यांची आवणी एकाच पंधरवड्यात येते, त्यामुळे सगळ्यांना बाया एकाच वेळी हव्या असतात. पूर्वी सावड होती, आज तुमच्याकडे उद्या आमच्याकडे. आता घरटी माणसंच कमी झाली. तरुण मुलं अंबरनाथ-बदलापूरच्या कंपन्यांत जातात आणि त्यांना दोष कोण देणार? ठरलेल्या दिवशी बाया आल्या नाहीत तर रोप राबातच म्हातारं होतं. म्हाताऱ्या रोपाला फुटवे कमी येतात आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. वर्षाचं पीक असं चार-सहा दिवसांत खाली येतं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा नवरा आम्हाला नेरळजवळच मालेगावला सगुणा बागेत घेऊन गेला. कृषिरत्न चंद्रशेखर भडसावळे यांची ही शेती. ऐंशीच्या दशकात, कृषी पर्यटन हा शब्दही फारसा कोणाला माहीत नव्हता तेव्हा, त्यांनी शहरातल्या लोकांना शेत बघायला बोलवायला सुरुवात केली. आता तिथे उल्हास नदीच्या काठाने मत्स्यतळी आहेत, म्हशी आहेत, शाळांच्या सहली येतात. आम्ही गेलो ते मात्र भात बघायला.

आदल्या दिवशी जे काही शिकले होते ते सगळं इथे उलटं दिसलं. खाचरात पाणी उभं नाही. चिखल नाही. मऊ, उंच गादीवाफे, मधे सऱ्या, आणि वाफ्यांवर गेल्या हंगामातली भाताची धसकटं तशीच. त्या धसकटांच्या मधून नवा भात सरळ ओळींत उगवलेला. मी विचारलं, “इथे नांगरणी कधी झाली?” शेत दाखवणारे दादा म्हणाले, “ताई, हे वाफे एकदाच केलेत. पुन्हा नांगर नाही, चिखल नाही, आवणी नाही.”

याला सगुणा भात तंत्र म्हणतात, तोंडातलं नाव ‘एसआरटी’. सुमारे एक मीटर रुंदीचे वाफे पावसाआधी एकदा करायचे. लोखंडी साच्याने त्यांवर पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरवर भोकं पाडायची आणि प्रत्येक भोकात तीन-चार दाणे, सोबत थोडं दाणेदार खत. राब नाही, म्हणून राबासाठी झाडं ओरबाडणं आणि भाजणं नाही. रोप उपटून दुसरीकडे लावताना बसणारा धक्का नाही, म्हणून पीक काही दिवस लवकर येतं. कापणी झाली की मुळं जमिनीतच ठेवायची. दादांनी एका वाफ्याच्या कडेची मूठभर माती उकरून माझ्या तळहातावर ठेवली. काळपट, रवाळ, हलकी. तिच्यात जुन्या मुळांच्या कुजत आलेल्या नळ्या होत्या आणि त्यांतल्या एकीतून गांडूळ बाहेर येत होतं. त्यांनी ती नळी मोडून आतली पोकळी दाखवली. पाणी आणि हवा जमिनीत जायची वाट हीच, नांगराने मोडते ती हीच, असं त्यांचं म्हणणं. आदल्या दिवशीचा चिखल माझ्या नखांत अजून होता. तीही माती, हीही माती, दोन्हींत भातच. पण एकीत पाणी धरून ठेवण्यासाठी तिची घडण मोडायची आणि दुसरीत ती घडण जपण्यासाठी पाणी सोडून द्यायचं.

आणखी एक फरक तिथेच कळला. पाण्याखाली दडपलेल्या चिखलात हवा नसते, तिथे कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून मिथेन वायू तयार होतो. जगभरात भातशेती हा मिथेनचा एक मोठा स्रोत मानला जातो. पाणी न साठवणाऱ्या शेतात तो कमी होतो.

मग मी तणाबद्दल विचारलं, कारण उभं पाणी नाही तर तण कोण अडवणार? उत्तर सरळ मिळालं. तणनाशकं वापरतात. कापणीनंतर धसकटं मारायला ग्लायफोसेट फवारतात. हे ऐकून मला बरं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध घातले, तेही माणसं आणि जनावरं यांच्या आरोग्याच्या काळजीपोटीच. पण मजूर न मिळणाऱ्या शेतकऱ्याला खुरपणीच्या नावाने उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. हातानं तण काढणारी माणसं मिळाली तर फवारा लागणार नाही, आणि ती माणसं का मिळत नाहीत ते मी आदल्या दुपारी ऐकलं होतं.

संध्याकाळी पडवीत बापलेकांची चर्चा रंगली. लेक म्हणाला, “आप्पा, बाया मिळाल्या नाहीत की रोप म्हातारं होतं. त्यापेक्षा वाफे करू.” आप्पा म्हणाले, “ज्या साली महिनाभर उघडीप पडेल त्या साली तुझ्या वाफ्याला पाणी कुठून देशील? माझ्या खाचरात पाणी असतं.” आवाज कोणाचाच चढला नाही. शेवटी आप्पांनीच तोडगा काढला. वाफे पावसाआधी करावे लागतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात कडेच्या एका खाचरात करून बघायचे. बाकी चारसूत्रीच. मला हा निर्णय फार मोलाचा वाटला. चूक झाली तरी घरात तांदूळ राहील आणि बरोबर निघालं तर पुढच्या वर्षी वाढवता येईल, इतकीच जोखीम त्यांनी घेतली.

मग त्यांनी हिशेब सांगितला. २०२४ च्या खरिपासाठी साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये, म्हणजे किलोला तेवीस. शंभर किलो भात भरडला की सदुसष्ट किलोच्या आसपास तांदूळ निघतो, असं सरकारी खरेदीत धरतात. म्हणजे एक किलो तांदळामागे शेतकऱ्याच्या हाती पस्तीसच्या आत रुपये, आणि त्यातून राब, टिलर, मजुरी, खत, कापणी, झोडणी. माझ्या वाण्याच्या दुकानात पोत्यांवर खोचलेले भाव मला आठवत होते.

दुसरीकडे जमिनीचा भाव. नेरळ-कळंब रस्त्याने जाताना ‘सेकंड होम’ आणि ‘एनए प्लॉट’चे फलक भातापेक्षा उंच उभे आहेत. विकणाऱ्याला आप्पा नावं ठेवत नाहीत. त्यांची काळजी वेगळी आहे. वरच्या बाजूचं खाचर विकलं गेलं आणि त्याला कंपाउंडची भिंत पडली की पाण्याची वाट तुटते. एक वर्ष खालच्याकडे पाणी येत नाही, दुसऱ्या वर्षी भिंतीला अडलेलं पाणी एकदम बांध फोडून येतं. मग खालचाही विकायला तयार होतो. “तुमच्या चेंबूरला पण भातच होता की,” ते म्हणाले. खरंच होता. घाटला, देवनार, माहुल ही आगरी-कोळ्यांची गावं, तिथे भात आणि मीठ दोन्ही पिकायचं. १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरपर्यंत रेल्वे आली ती कचरा वाहून न्यायला. प्रवासी गाड्या १९२४ मध्ये सुरू झाल्या. पुढे वसाहती आल्या, कारखाने आले, आणि आज घाटल्यात खाचर कुठे होतं हे विचारून घ्यावं लागतं.

नेरळ ज्या कर्जत तालुक्यात आहे, तिथेच भिवपुरीला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी घाटाखाली आणून १९२२ पासून तिथे मुंबईसाठी वीज तयार होते आणि टर्बाइनमधून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जतच्या काही गावांत उन्हाळी भात होतो. खत आमच्याकडून तिकडे जातं, वीज आणि तांदूळ तिकडून आमच्याकडे येतात. बऱ्याच वर्षांची ही देवाणघेवाण आहे आणि तिच्यातलं शेत तेवढं शहराला दिसत नाही. ते दिसलं पाहिजे. कोणत्या पद्धतीने भात लावावा हे आप्पा आणि त्यांचा लेक ठरवतील, त्यांना ते कळतं. आपण ठरवायचं ते एवढंच की त्या खाचरांवर भिंत उभी राहिलेली आपल्याला चालणार आहे का.

तेव्हा मुंबईच्या वाचकांना माझं सांगणं आहे. ओळखीतलं कोणी शेतावर राहत असेल तर आवणीला जा, आधी विचारून जा. बांधावरून एकामागे एक चाला, बांध खचवू नका, राबात पाय टाकू नका. सांगतील ते काम करा आणि कळत नाही ते विचारा. लोक ओणव्यानेच उत्तरं देतात. ओळखीचं कोणी नसेल तर कृषी पर्यटन केंद्रात जा, पण तलावावर न रेंगाळता भाताचं शेत दाखवा म्हणून सांगा. आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झोडणी झाली की वर्षाचा तांदूळ त्याच घरातून घ्या. ते सांगतील तो भाव द्या.